फॉर्म ऑनलाइन केलात, मग आईबापांना शिकवायचे पैसेही बजेटमध्ये धरा

मागच्या आठवड्यात बसस्टँडमागच्या खानावळीत जेवायला गेलो होतो. तिथे पोळ्या लाटणाऱ्या एक ताई बाहेर आल्या, हात पदराला पुसत म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता ना? मला एक विचारायचंय."

त्यांची मुलगी दहावीला ७८ टक्के मिळवून पास झाली. तिला सायन्सला जायचं होतं. आपल्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजला सहज लागली असती. पण २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडे कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म मिळायचा, क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणायचा, "इथं सही राहिली." संपला विषय.

ताई सायबर कॅफेत गेल्या. सरकारी शुल्क १०० रुपये, वर दुकानाचे १५०. मागे तीस-चाळीस जणांची रांग. दुकानातल्या पोराने माहिती भरली, पसंतीक्रमही त्यानेच भरले. पहिल्या नंबरला कोणतं कॉलेज टाकलं, हे ना मायला कळलं ना लेकीला. ते कॉलेज निघालं २८ किलोमीटरवर. पहिल्याच यादीत तेच लागलं. सकाळची एसटी साडेनऊला, परत येणारी संध्याकाळी सहानंतर. मुलीला एकटीला रोज पाठवायची हिंमत झाली नाही, म्हणून प्रवेश घेतला नाही. आणि नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाद.

शेवटी सर्वांसाठी खुल्या फेरीत गावातच जागा मिळाली, पण आर्ट्सला. आर्ट्स वाईट नाही, मी स्वतः आर्ट्सचा. पण त्या मुलीने ते निवडलं नव्हतं. कॅफेतल्या पोराच्या घाईने निवडलं.

ताईंचा प्रश्न एवढाच होता, "दादा, सही मी केली, पण कशावर केली ते मला माहीत नव्हतं. मग चूक कुणाची?"

मी गप्प बसलो. कारण चुकीत थोडा मीही आहे. प्रवेश ऑनलाइन होणार म्हटल्यावर आलेल्या प्रेसनोटवरून मी बातमी केली होती. हेडिंग होतं, "आता अकरावी प्रवेश होणार पारदर्शक". फॉर्म भरणार कोण, हा प्रश्न मी एका ओळीतही विचारला नव्हता. पुढे २१ मे रोजी संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडलं, नोंदणी २६ मेपासून सुरू झाली. त्याचीही मी बातमी केली. म्हणजे यंत्र बंद पडलं की आम्हाला बातमी दिसते. यंत्र चालू असतं आणि माणसाला ते वापरता येत नाही, तेव्हा दिसत नाही.

म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक मागणी आहे, आणि तिला तुमची साथ लागणार आहे.

काम सरकारचं होतं, ते आपल्या अंगावर आलं

एकदा यादी करून बघा. पालक म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्याला ऑनलाइन काय काय करावं लागलं?

आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी अर्ज. त्यात नकाशावर आपल्या घराचं ठिकाण स्वतः दाखवायचं. खूण चुकली की शाळेपासूनचं अंतर चुकलं, अंतर चुकलं की नंबर गेला. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. अकरावी. त्यानंतर सीईटी आणि तिच्या प्रवेशफेऱ्या. शिवाय लाडक्या बहिणींना ई-केवायसी, त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी. किती आया-बहिणी मोबाईल हातात धरून "ओटीपी आला का रे बाळा" म्हणत बसल्या होत्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

ऑनलाइन होण्याला माझा विरोध नाही. खिडकीवरचा क्लार्क देव नव्हता. त्याच्याकडेही चहापाण्याशिवाय कागद हलत नव्हता, हे गावाला ठाऊक आहे. यादी ऑनलाइन लागते म्हणून वशिला कमी झाला, हे मी मान्य करतो.

पण हिशेब नीट समजून घ्या. आधी माहिती भरायचं, तपासायचं, चूक दाखवायचं काम कार्यालय करायचं. त्या कामाचा पगार सरकार द्यायचं. आता ते काम पालकाने करायचं. तेही स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या जबाबदारीवर, आणि चुकलं तर शिक्षा लेकराला. काम आपल्यावर ढकललं, तर ते काम शिकवायचा खर्च तरी कुणी उचलायचा? जो ढकलतो त्याने. माझं म्हणणं एवढंच आहे.

"पोरं शिकवतील की!"

हे मी विषय काढला की दर वेळी ऐकतो. "अहो, आजकालच्या पोरांना सगळं येतं. आईबापाला तीच शिकवतील."

पोरांना येतं ते रील बघणं आणि गेम खेळणं. फोटो ठरलेल्या केबीत बसवून अपलोड करायला लावा, दहावीतला मुलगाही डोकं खाजवतो. आणि समजा आलं सगळं, तरी एक गोष्ट विसरू नका. मुलाचा फॉर्म मुलानेच भरायचा, पासवर्ड त्याच्याकडे, निकालाचा मेसेज त्याच्या फोनवर, शाळेचा ग्रुप त्यानेच म्यूट केलेला. मग पालक कोण राहिला? सही करणारा अंगठा. मुलाला कोण मेसेज करतंय, तो कुठल्या ॲपवर पैसे लावतोय, हे बघण्याची आपली ताकदच संपते. घरातला मोठा माणूस दाराशी उभा आणि कुलपाची किल्ली लहानाच्या हातात.

यात बायकांची गत जास्त वाईट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ३८ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांचं प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे. त्यानंतर फोन वाढले, मान्य. पण घरातला फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि शाळेचा फॉर्म मात्र आईच्या डोक्यात.

पैसा येतो, पण वस्तूंसाठी

आता मुळाशी जाऊ. सरकार या विषयावर पैसा खर्च करतच नाही का? करतं. पण कशावर, ते बघा.

गेल्या महिन्यात मी आपल्या गावातल्या पाच शाळांत जाऊन आलो. नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष मुख्याध्यापकांचा नाही. तीन शाळांत संगणक कक्ष आहे. एकात दहा मशीन, त्यातली सहा चालू, आठवड्यातून एकदा उघडतो. दुसऱ्यात संगणकांवर चादर आणि चादरीवर क्रीडा स्पर्धेच्या ढाली. तिसऱ्याची किल्लीच सापडली नाही.

असं का झालं? राज्यात आयसीटी योजनेतून तीन टप्प्यांत आठेक हजार शाळांना संगणक कक्ष मिळाले. करार पाच वर्षांचा. करारात मशीन होतं आणि कंत्राटी संगणक शिक्षकही होता. करार संपला, शिक्षक घरी गेला, मशीन राहिलं. ते शिक्षक अनेक वर्षं आंदोलनं करत राहिले. आपण बातम्या छापल्या आणि विसरलो.

दुसरं उदाहरण. केंद्राने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. सहा कोटी ग्रामीण घरांतल्या प्रत्येकी एकाला शिकवायचं, वय १४ ते ६०, अभ्यास २० तासांचा, फी नाही. कल्पना चांगली होती. पण तिथे शिकवणाऱ्या केंद्राला माणशी ३०० रुपये मिळायचे, तेही शिकणारा परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर. मग केंद्रचालक आधी कुणाला बसवणार? ज्याला थोडं येतंच, अशा कॉलेजच्या पोराला. पन्नाशीच्या मावशीला शिकवायला चौपट वेळ लागतो, पैसे तेवढेच. मार्च २०२४ मध्ये ते अभियान संपलं. आणि आपलं तर त्यात नावच नव्हतं, कारण ते ग्रामीण भागासाठी होतं आणि आपण नगरपरिषदेत राहतो. नगरपरिषद असली तरी आपल्या मागच्या आळीतली माणसं कोणत्या आयटी पार्कमध्ये कामाला जातात, देव जाणे.

तिसरं, सध्या चालू असलेला उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम. यात निरक्षर प्रौढांना अक्षरओळख देतात, डिजिटल साक्षरताही कागदावर आहे. पण शिकवणारा स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. शाळेच्या शिक्षकांवर सर्वेक्षणाचा बोजा पडला तेव्हा २०२३ मध्ये त्यांनी बहिष्कार टाकला होता. त्यांना दोष कसा द्यायचा?

तिन्ही ठिकाणी एकच दुखणं. मशीनला पैसा आहे, फलकाला आहे, उद्घाटनाच्या हारांना आहे. शेजारी बसून "मावशी, घाबरू नका, परत दाबा" म्हणणाऱ्या माणसाच्या तासाला पैसा नाही.

मी स्वतः कसा शिकलो सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा झाला तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काच लावलेल्या खोलीतली, चप्पल काढून आत जायची वस्तू. तालुक्याच्या पेपरात लागलो तर बातमी कागदावर लिहायचो, डीटीपी ऑपरेटर ती श्रीलिपीत टाइप करायचा. पान सुटल्यावर तो रोज रात्री अर्धा तास माझ्याजवळ बसायचा. दीड महिना. त्याच्या त्या अर्ध्या तासावर मी आज वीस वर्षं पोट भरतोय. मला मशीनने नाही शिकवलं, माणसाने शिकवलं.

दुसरीकडे झालंय

केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २००२ मध्ये 'अक्षय' प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक घरातल्या किमान एकाला संगणक आला पाहिजे, एवढंच ध्येय. महत्त्वाचं हे, की शिकवण्याच्या फीमधला मोठा वाटा पंचायतींनी आपल्या निधीतून उचलला, कुटुंबाने फक्त २० रुपये द्यायचे. पुढे तिथल्या शाळांतल्या 'लिटल काइट्स' क्लबच्या मुलांनी शाळेतच आयांना सायबर सुरक्षेचे धडे दिले. २१ ऑगस्ट २०२५ ला केरळने स्वतःला पूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर केलं. घोषणेत थोडी हवा असेल, सरकारी घोषणेत असतेच. पण शिकवण्याचा खर्च तिथल्या पंचायतींनी उचलला, हे खरं.

आणि केरळचं नाव घेतलं की "तिकडचं वेगळं असतं" म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या साताऱ्याचं उदाहरण. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. प्रौढ माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसली, गाव साक्षर झालं की समारंभ व्हायचा. पुढे ती मोहीम राज्यभर गेली. तेव्हा कुणी म्हटलं नाही, की पोरं शाळेत जातात, तीच आईबापाला बाराखडी शिकवतील.

आपल्याकडे किती खर्च येईल?

गोष्टी नुसत्या बोलून होत नाहीत, म्हणून मी कागदावर मांडणी केली. हा माझा अंदाज आहे, चुकला असेल तर सांगा.

एक वर्ग, २० पालक, १२ दिवस, रोज दोन तास, म्हणजे २४ तास.

शिकवणारा, तासाला ३५० रुपये: ८,४००
मदतनीस (कॉलेजची मुलगी किंवा मुलगा), तासाला १५०: ३,६००
कक्ष उघडणाऱ्या शिपायाला दिवसाला १००: १,२००
नेट आणि वीज: १,५००
मराठीतली छापील माहितीपत्रकं: १,०००

एकूण १५,७००. वर्षाला असे दहा वर्ग घेतले तर १ लाख ५७ हजार. वर माऊस, कीबोर्ड, दुरुस्तीला ४३ हजार धरा. झाले दोन लाख. दोनशे पालक, माणशी एक हजार.

मशीन विकत घ्यायची नाहीत. ती चादरीखाली आहेतच.

शिकवायचं काय, तेही ठरवू. एमएस-सीआयटी चांगला कोर्स आहे, पण तो नोकरीसाठी आहे आणि त्याची फी काही हजारांत. पालकाला एक्सेलचे फॉर्म्युले नकोत. त्याला हवं ते असं: मराठी टायपिंग. स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा पासवर्ड. कागद स्कॅन करून योग्य आकारात अपलोड करणं. डिजिलॉकर. आरटीई, अकरावी आणि महाडीबीटीच्या अर्जाचा सराव. ओटीपी कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही. फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन. मुलाच्या मोबाईलमध्ये काय बघायचं. शेवटचे दोन दिवस प्रत्येकाने आपलं स्वतःचं एक खरं काम तिथेच बसून करायचं.

आणि वेळ. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे असा मोफत वर्ग निघाला होता. पहिल्या दिवशी चाळीस जण, शेवटच्या दिवशी नऊ. लगेच निष्कर्ष निघाला, "लोकांनाच नको." वर्गाची वेळ काय होती? सकाळी ११ ते १. त्या वेळेला मजूर कामावर, बाई कामावर, दुकानदार गल्ल्यावर. आणि शिकवत होते काय? पेंटमध्ये झोपडी काढायला. लोकांना नको होतं ते झोपडी काढणं. घरकाम करणाऱ्या ताईंना दुपारी अडीच ते साडेचार जमतं, मजुरांना रविवार जमतो. आधी विचारा, मग वेळापत्रक लावा.

पैसा कुठून?

नगरपरिषदेत महिला व बालकल्याणासाठी राखीव निधी असतो. त्यातून वर्षानुवर्षं शिलाई मशीन आणि ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण होतं. ते चालू ठेवा, पण एक वर्ष दोन लाख इकडे वळवा. शेजारच्या गावांतले मित्र वाचत असतील तर त्यांच्यासाठी, ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं, तिथे प्रस्ताव जाऊ शकतो.

शाळेच्या बाजूनेही दार आहे. शिक्षण हक्क कायद्यातली शाळा व्यवस्थापन समिती आठवते? तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. त्या आराखड्यात "संध्याकाळी आणि रविवारी संगणक कक्ष पालकांसाठी खुला" अशी एक ओळ घालायला कुणी अडवत नाही. आपण समितीच्या सभेला जातो, चहा पितो, सही करतो आणि येतो. या वेळी ती ओळ घातल्याशिवाय उठू नका.

एक आक्षेप मला खरा वाटतो, तो लपवत नाही. "मुलांनाच शिक्षक पुरे नाहीत, आईबापांना कुठून देता?" बरोबर आहे. मुलांच्या तोंडचा घास काढून हे करू नये. म्हणून मी शाळेचा शिक्षक मागत नाही. तासावर मानधन देऊन बाहेरचा माणूस मागतोय. आपल्या गावात एमएस-सीआयटी शिकवून, बीसीए करून घरी बसलेली पोरंपोरी कमी आहेत का? त्यांच्याही हाताला चार पैसे मिळतील.

आत्ताच का?

कारण डिसेंबरात निवडणूक झाली. काही वर्षांच्या प्रशासकराजानंतर नगरपरिषदेत आपण निवडून दिलेली माणसं बसली आहेत आणि त्यांचं पहिलं बजेट आता येतंय. प्रचारात सगळ्यांनी "स्मार्ट शहर" म्हटलं होतं. चौकातल्या कमानीला, दुभाजकाच्या रंगाला आणि पेव्हर ब्लॉक उखडून परत बसवायला किती ठराव होतात, ते मी सभांना बसून पाहतो. त्यातली एक कमान एक वर्ष थांबली तर शहराचं काही अडणार नाही. आणि मे महिना चार महिन्यांवर आहे. पुन्हा अकरावी, पुन्हा तीच रांग, पुन्हा तेच दुकान.

मी अर्ज लिहिला आहे. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी या दोघांच्या नावे. मागणी एका वाक्यात: पालकांच्या संगणक शिक्षणासाठी अंदाजपत्रकात दोन लाखांची तरतूद करावी, आणि ती शिकवणाऱ्यांच्या मानधनावर खर्च व्हावी, खरेदीवर नव्हे. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर दोन लाखांचे टॅब येतील आणि कपाटात जातील.

अर्जावर सह्या हव्या आहेत. कुठल्या पक्षाचा विषय नाही, सगळ्या नगरसेवकांनी आपापल्या वॉर्डात फिरवला तरी आनंदच आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी सार्वजनिक वाचनालयाच्या ओट्यावर कागद घेऊन बसतो. ज्यांना येता येत नाही त्यांनी कमेंटमध्ये वॉर्ड आणि जमणारी वेळ लिहा, वेळापत्रक त्यावरूनच ठरवू. शिकवायला तयार असलेल्यांनीही सांगा. फुकट नको, मानधनावरच. फुकट शिकवणं चार दिवस टिकतं.

पहिली सही खानावळीतल्या ताईंची आहे. कागद पुढे केला तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी वाचून दाखवा, दादा." पूर्ण वाचून दाखवला. दोन लाखांच्या ओळीवर थांबवून परत विचारलं. मग सही केली.